येऊन कुठे राहिला?

जयपूरच्या सोडाला भागात मी राहते. महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांना हे नाव हमखास 'सोडला' असं ऐकू येतं, आणि 'कोणी सोडला, काय सोडला' हा विनोद प्रत्येक जण आपल्यालाच पहिल्यांदा सुचल्यासारखा करतो. अजमेर रोडवरचा उन्नत रस्ता, रामनगर स्टेशनात थांबणारी मेट्रो, आणि तिथून आत वळलं की एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आमचं घर. तिथे दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी आठ-नऊ मुलांना मराठी लिहायला शिकवते. फी नाही, परीक्षा नाही, डोक्यावर कुणी साहेब नाही. म्हणजे मुलांवर जुलूम करण्याचं एकही कारण माझ्याजवळ नव्हतं. तरी तो मी केला. आधी त्याची कबुली देते, मग भांडते.

वर्गातली चार मुलं गलाईवाल्यांची आहेत. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव आणि साताऱ्यातल्या माण, खटाव या कोरड्या पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी आटवायच्या धंद्यात देशभर पांगली. जिथे सराफ बाजार, तिथे एखाद्या बोळात गलाईचं दुकान, आणि त्या दुकानात विट्याकडचा माणूस. जयपूर तर जोहऱ्यांचंच शहर. या माणसांनी तमिळ, बंगाली, मारवाडी अशा परक्या भाषा गरजेपुरत्या आत्मसात केल्या आणि घरात मात्र आपली माणदेशी तशीच ठेवली. त्यांच्या जयपुरात जन्मलेल्या मुलांच्या तोंडी ती अजून आहे.

त्यातल्या अकरा वर्षांच्या एका मुलाने 'माझे वडील' या विषयावर लिहून आणलं होतं: "आमचं पप्पा कवाधरनं भट्टीम्होरं बसल्यात. मूस लाल झाली की त्ये कुणासंगं बोलत न्हाईत. मी कायबी इचारलं तर हातानंच गप म्हणत्यात."

मी लाल पेन घेतलं. दहा मिनिटांत ते असं झालं: "माझे वडील भट्टीसमोर बसतात. मूस लाल झाल्यावर ते कोणाशीही बोलत नाहीत. मी काही विचारल्यास ते हाताने गप्प राहण्याची खूण करतात." मुलाने ते सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं. मी शेरा दिला, 'छान'.

पुढच्या रविवारी 'माझी आई' आली. माझी आई खूप प्रेमळ आहे. ती सकाळी लवकर उठते. ती मला खूप आवडते. एकही चूक नव्हती. त्याच्या पुढच्या रविवारी 'माझा आवडता ऋतू' आला, तोही निर्दोष. महिनाभर वही अशी स्वच्छ येत राहिली आणि मी खूश होते. मग एकदा सहज मागची पानं उलटली आणि भट्टीपाशी येऊन थांबले. महिन्याभरात या मुलाने मला एकही नवी गोष्ट सांगितलेली नव्हती. त्याची आई सकाळी उठून काय करते, हे मला त्याच्या वहीतून कळत नव्हतं. ती कुणाचीही आई होती, गाईडमधली.

याहून लाजिरवाणी गोष्ट नंतर लक्षात आली. माझी दुरुस्तीच चुकीची होती. 'बसल्यात' म्हणजे 'बसतात' नव्हे. 'बसल्यात' म्हणजे 'बसले आहेत', केव्हाचे बसलेत, अजून उठलेले नाहीत. म्हणून तर आधी 'कवाधरनं' आहे. दुकानाच्या दारात ताटकळलेलं पोर त्या दोन शब्दांत होतं. मी 'बसतात' केलं, 'कवाधरनं' वाक्यात बसेना म्हणून काढून टाकलं, आणि वाट पाहणं गेलं. राहिली एक माहिती: वडील भट्टीसमोर बसतात, जसे कारकून टेबलासमोर बसतात. मुलाचं व्याकरण बिनचूक होतं. मला ते वाचता आलं नाही आणि माझं अज्ञान मी त्याच्या नावावर चूक म्हणून मांडलं.

हे मला कळायला हवं होतं, इतरांपेक्षा आधी. मी अकोटकडची. घरी आम्ही 'मले', 'तुले', 'काहून' म्हणतो, डोळ्याला डोया म्हणतो. पुण्याला कॉलेजात गेले तेव्हा पहिल्याच निबंधात मी लिहिलं होतं, 'बाहेर पाऊस येऊन राहिला होता.' सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि विचारलं, "येऊन कुठे राहिला? लॉजवर?" वर्ग हसला. मीही हसले. ते हसणं मला आजही आठवतं, कारण त्यानंतर तीन वर्षं मी कॉलेजात पावसावर काही लिहिलं नाही.

सर वाईट नव्हते. त्यांनी ते वाक्य त्यांच्या मराठीत वाचलं, आणि त्या मराठीत त्याचा अर्थ तसाच होतो. माझ्या मराठीत 'पाऊस येते' म्हणजे पावसाळ्यात येत असतो, दरवर्षी येतो. आणि 'पाऊस येऊन राहिला' म्हणजे या घटकेला, खिडकीबाहेर, दोरीवरचे कपडे काढा. पुण्याचा माणूस तिथे 'येतोय' म्हणतो. काम तेच, हत्यार वेगळं. यावर हमखास येणारं उत्तर असं की ही हिंदीची लागण आहे, 'आ रहा है'चं भाषांतर. असेलही. मग दुकान, जमीन, हजर, फक्त हे शब्द आपण कुठून आणले? फारसीची लागण झाली की ती समृद्धी ठरते आणि शेजारच्या हिंदीची झाली की भ्रष्टता, हा न्याय कुठला?

आता ज्या गावात राहते तिथलंच एक उदाहरण. आमच्या इमारतीच्या चौकीदाराची मुलगी रविवारी वर्गात येऊन बसते. मराठी तिला येत नाही. सोबत मिळते म्हणून येते आणि शाळेचं हिंदी लिहीत बसते. माणसं चाकसूकडची, घरी ढूंढाडी. तिच्या वहीत पानभर एकच दुरुस्ती होती: 'छै' खोडून 'है'. ढूंढाडीत 'आहे' म्हणजे 'छै'. हीच मुलगी अहमदाबादेत जन्मली असती तर 'छे' लिहून तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते, कारण तिथे ते क्रियापद राज्यभाषेचं आहे. तीच धुळ्याला जन्मली असती आणि अहिराणीत 'शे' लिहिलं असतं तर पुन्हा लाल रेघ. छै, छे, शे. ऐकायला सख्खी भावंडं. त्यातलं मधलं तेवढं शुद्ध, कारण त्याला सरकार मिळालं.

असंच पत्रादेवीच्या नाक्यावर पाहा. पलीकडे गोव्यात 'आसा' हे कोंकणीचं शुद्ध रूप, १९८७ पासून राजभाषेचं, १९९२ पासून आठव्या अनुसूचीतल्या भाषेचं. अलीकडे सिंधुदुर्गातलं मालवणी मूल तेच 'आसा' मराठीच्या वहीत लिहितं तेव्हा ते अशुद्ध. मधे फक्त नाका आहे. त्या शब्दात तो ओलांडताना काय बिघडतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

ढूंढाडीला तर नाकाही मिळाला नाही. जी. मॅकॅलिस्टर या मिशनऱ्याने १८९८ साली जयपूर संस्थानातल्या बोलींचे नमुने गोळा करून पुस्तक छापलं, ग्रियर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणात त्याचा आधार घेतला. २०११च्या जनगणनेत १४ लाखांहून अधिक माणसांनी आपली मातृभाषा ढूंढाडी असं सांगितलं. जनगणनेने ती हिंदीच्या खात्यावर मांडली. राजस्थानीला आठव्या अनुसूचीत घ्यावं असा ठराव राज्याच्या विधानसभेने २५ ऑगस्ट २००३ रोजी केला, तो अजून दिल्लीत आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलं आहे की शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं. या मुलीची घरची भाषा कागदावर हिंदीच आहे. धोरण पाळलं गेलं!

पण हे भांडण मला राजस्थान सरकारशी करायचं नाही. ते आपल्याशी, मराठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांशी करायचं आहे. आणि बहुभाषिक नियतकालिकात करायचं आहे, कारण आपली बहुभाषिकता मला संशयास्पद वाटू लागली आहे. चार-पाच भाषा शेजारी शेजारी छापायच्या, पण प्रत्येकीने आपापल्या राजधानीचे कपडे घालून यायचं, असा आपला अलिखित करार आहे. मराठीने पुण्याहून यावं, हिंदीने दिल्ली-अलाहाबादहून. अकोट, आटपाडी, चाकसू यांनी आलंच तर कथेत यावं, आणि तिथेही अवतरणचिन्हांत.

अवतरणचिन्हांचा हा नियम मी कल्पनेने सांगत नाही. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे १४ नियम ठरवले, १९७२ साली आणखी ४ जोडले. त्यांत एक नियम असा की 'असं केलं, मी म्हटलं' अशी अनुस्वाराची रूपं पात्राच्या तोंडी, बोलण्याचा आभास हवा असेल तिथे चालतील. एरवी 'असे केले, मी म्हटले' असंच लिहावं. पात्राच्या तोंडी! म्हणजे बोलण्याची भाषा लेखकाने स्वतःच्या तोंडी घ्यायची नाही, दुसऱ्याच्या तोंडात घालायची. आता माझा हा लेख पाहा. पहिल्या ओळीपासून मी तो नियम मोडते आहे, 'केलं', 'म्हटलं', 'असं' लिहिते आहे, आणि संपादकांनी हूं की चूं केलेलं नाही. मराठीतलं निम्मं ललित गद्य आज असंच छापलं जातं. का चालतं? कारण पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या घरांत असं बोलतात. त्यांची बोली हळूच नियमावरून उडी मारून निवेदनात येऊन बसली आणि आपण तिला 'अनौपचारिक शैली' म्हटलं. माणदेशी 'बसल्यात' तशीच उडी मारू गेली की ती चूक. एकाच कुंपणावरच्या या दोन उड्या आहेत.

त्याच नियमांत आणखी एक गंमत आहे. केशवसुतांपूर्वीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचं गद्य छापताना ते मुळाप्रमाणे छापावं, अशी सवलत आहे. चिपळूणकरांच्या आधी लिहून गेलेल्या माणसाला स्वतःसारखं लिहिण्याचा हक्क आहे. सोडाल्यातल्या जिवंत मुलाला नाही. सीमारेषेवर चिपळूणकर असावेत हेही नमुनेदार. जोतीराव फुल्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टवाळी ज्यांनी 'निबंधमाले'तून केली, ते हेच. जोतीरावांचं म्हणणं खोडून काढण्यापेक्षा त्यांचं व्याकरण खोडणं सोपं होतं. लाल पेनाचा तो उपयोग तेव्हापासूनचा आहे.

प्रमाण मराठी आकाशातून पडलेली नाही. मोल्सवर्थ आणि कँडी या दोन इंग्रजांनी, शास्त्रीमंडळी हाताशी धरून, एकोणिसाव्या शतकात कोश रचले, शालेय पुस्तकांची भाषा तपासली, काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते ठरवलं. कामचलाऊ, उपयोगी, बऱ्यापैकी देखणी अशी एक लिहिण्याची भाषा तयार झाली. मला ती आवडते, पोटापाण्यालाही लागते. फक्त तिचं वय लक्षात असू द्यावं. त्याच्या सहाशे वर्षं आधी, तेराव्या शतकात, म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा लिहिल्या त्या वऱ्हाडात, रिद्धपूरला. तिथे आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा याच जुन्या गद्याचं नाव आपण अभिमानाने घेतलं. ते जिथे लिहिलं गेलं त्या मुलखातली पोरगी 'येऊन राहिला' लिहिते तेव्हा मात्र तिला लॉजचा पत्ता विचारतो.

बहिणाबाईंचं आपण काय केलं तेही असंच. लिहिता-वाचता न येणारी ही बाई १९५१ साली गेली, १९५२ साली तिची गाणी पुस्तकात आली, आता ती पाठ्यपुस्तकांत आहेत आणि जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव आहे. मुलांना आपण तिची कविता पाठ करायला लावतो आणि तिचं रसग्रहण प्रमाण मराठीत लिहायला सांगतो. तिच्याच भाषेत रसग्रहण लिहिलं तर? कवितेला चालतं ते विचाराला चालत नाही, असा आपला समज आहे. भावना बोलीत, बुद्धी प्रमाणात. आनंद यादवांनी १९७१ साली 'गोतावळा'त शेतगड्याच्या तोंडून अख्खी कादंबरी त्याच्या बोलीत सांगितली, निवेदनासकट, तेव्हा कादंबरीपुरता तरी हा समज मोडला. निबंधात, परीक्षेच्या उत्तरात, संपादकीयात तो अभंग आहे. आणि २७ फेब्रुवारीला 'बोलींचा जागर' म्हणून नऊवारीतल्या मुली नाचतात. वर्षातून एकदा नाचवायचं आणि उरलेले दिवस खोडायचं, याला मी गौरव म्हणणार नाही.

माझ्याविरुद्धचा सर्वांत वजनदार मुद्दा पंडितांचा नाही. तो त्या मुलाच्या वडिलांचा आहे. मी वहीची गोष्ट सांगितली तेव्हा ते माझ्यावर उखडले. म्हणाले, "बाई, आमच्यासारकं त्येला घरी येतंयच की. तुमच्याकडं आमच्यासारकं शिकाय धाडलाय व्हय? बँकेत मी मराठीत अर्ज दिला तर गावाकडला सायब हासला. ह्येला कुणी हासू नये, येवढंच करा."

याला उत्तर देणं सोपं नाही आणि माझ्यासारखीने तर सोपं समजूच नये, कारण मला प्रमाण मराठी येते. येत असलेल्याने 'त्याची काय गरज' म्हणणं म्हणजे वर चढून शिडी काढून घेणं. दलित-बहुजन घरांतून आलेल्या अनेकांनी ही शिडी रक्त ओकून मिळवली आहे, ती कुणाच्या रोमँटिक बोलीप्रेमासाठी ते सोडणार नाहीत. सोडूही नये. अमेरिकेत लेखन शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या संघटनेने विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या भाषेवरच्या हक्काचा ठराव १९७४ साली केला, तेव्हाही काळ्या पालकांमधून हाच प्रश्न आला होता. पण १९७९ साली मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरला काळ्या मुलांच्या वतीने जो खटला उभा राहिला, त्यात मुलांना प्रमाण इंग्रजी शिकवू नका असं कुणी म्हणत नव्हतं. न्यायाधीश जॉयनर यांनी शिक्षकांना सांगितलं ते एवढंच: मुलांच्या घरच्या भाषेची दखल घ्या, ती ओळखायला शिका, आणि ते ज्ञान वापरून प्रमाण इंग्रजी वाचायला शिकवा. शिकणं मुलांचं होतं, पण पहिला धडा शिक्षकांना होता.

मीही एवढंच म्हणते आहे. प्रमाण मराठी शिकवा, कसून शिकवा. पण मुलाचं वाक्य त्याच्या बोलीत काय म्हणतं हे कळल्याशिवाय त्याला हात लावायचा अधिकार शिक्षकाला नाही. 'की' ऱ्हस्व लिहिली ही चूक आहे, ती सांगा. घाईत शब्द गाळला ही चूक आहे. 'बसल्यात' ही चूक नाही, ते दुसऱ्या व्याकरणातलं बरोबर आहे. तिथे खोडायचं नसतं, विचारायचं असतं. सगळ्या बोली शिक्षकाला कुठून येणार, असं म्हणतात. येणार नाहीतच. मलाही माणदेशी येत नव्हती. 'म्हणजे काय रे?' एवढं विचारता आलं असतं. चाळीस मुलांच्या वर्गात, नंदुरबारच्या एखाद्या शाळेत, जिथे निम्मी मुलं घरी भिली बोलतात, तिथे हे अवघड आहे हे मला मान्य आहे. माझ्यासमोर नऊ पोरं असतात, मला बोलायला काय जातंय. पण खोडायलाही वेळ लागतोच. पानभर 'छै'चं 'है' करायला लागलेल्या वेळात एकदा सांगता आलं असतं की बाळ, तुझ्या घरी छै, या वहीत है, दोन्ही तुझंच.

आता आम्ही असं करतो. वहीचं डावं पान मुलाचं. तिथे माझं पेन जात नाही. मी फक्त विचारते: मूस केवढी? हाताने गप्प म्हणतात म्हणजे कसं? उजव्या पानावर तोच मजकूर प्रमाणात, आणि तिथे मी कठोर आहे, ऱ्हस्वदीर्घाला माफी नाही. दोन पानांच्या मधे जे गळतं त्यावर आम्ही भांडतो. 'कवाधरनं'ला 'केव्हापासून' केलं तर तो म्हणाला, "त्यो प्रश्न झाला. मी प्रश्न इचारत न्हाई." शेवटी 'केव्हाचे बसले आहेत' यावर तह झाला. व्याकरणाची पुस्तकं मीही वाचली आहेत, पण क्रियापदाची अशी चिकित्सा कॉलेजातल्या वर्गात मी ऐकली नव्हती.

वडिलांना हे पटलं का? नाही. त्यांचं मत अजून असं की डावं पान म्हणजे कागद वाया. मागच्या दिवाळीआधी ते मुलाला न्यायला आले तेव्हा मी वही त्यांच्या हातात दिली, उजवं पान वर करून. त्यांनी ते नुसतं पाहिलं, मान हलवली. मग डावं पान वाचलं, उभ्याउभ्या, ओठ हलवत. वाचून झाल्यावर माझं लाल पेन मागितलं. मला वाटलं, आता शुद्धलेखन करतात. त्यांनी एकच शब्द खोडला आणि मुलाला म्हणाले, "मूस लाल झाल्यावर न्हाय रं. लाल असती तवा बोलतुय की मी. पिवळी झाली की मग बोलायचं न्हाई."

मुलाने 'लाल'वर 'पिवळी' लिहिलं.